वाचकांचे प्रश्न : ह्यू लॉरी – नट, लेखक आणि पियानोवादक

मागच्या अंकात ह्यू लॉरी या इंग्लिश नटाविषयी आम्ही अर्ध्या पानाचे टिपण दिले होते. नट, विनोदकार, कादंबरीकार आणि ब्लूज गाणारा पियानोवादक अशी त्यांची ओळख करून देऊन, त्यांचे वडील ऑलिंपिक विजेते नावाडी होते, एवढे सांगून ते संपवले होते. त्यावर श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी इतके प्रश्न विचारले की, या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवावे लागले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न (मालवण) : मी निवृत्त शिक्षक आहे. ‘हाउस’ या मालिकेतील लंगडणारा, तिरसट डॉक्टर मी पुष्कळ वर्षे पाहिला आणि तो नट अमेरिकन आहे असेच धरून चाललो. मुंबईचा नातू आता सांगतो की तो मूळचा इंग्लंडमधला विनोदी नट आहे. हे खरे काय? विनोदी नटाला अशी भूमिका मिळाली तरी कशी?

उत्तर : गुरुजी, नातवाचे म्हणणे खरे आहे. मात्र आपली फसगत झाली याचे वाईट वाटून घेऊ नये, कारण ज्यांनी लॉरींना या भूमिकेसाठी निवडले त्यांचीही तशीच फसगत झाली होती. 2004 साली लॉरी एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी आफ्रिकेतील नामिबियात होते. या भूमिकेची चाचणी त्यांनी तेथेच ध्वनिचित्रमुद्रित केली, आणि तीही हॉटेलच्या न्हाणीघरात, कारण पुरेसा उजेड तेवढ्या एकाच जागी होता. दाढी वाढलेली आणि अवतार विस्कटलेला होता. ती फीत पाहून मालिकेचे एक निर्माते ब्रायन सिंगर यांनी, आपल्याला हवा तसा अस्सल अमेरिकन नट सापडला, असा निर्वाळा दिला. मालिका नोव्हेंबर 2004 मध्ये सुरू झाली आणि मे 2012 पर्यंत आठ पर्वांत तिचे 177 भाग झाले. चित्रीकरणाच्या जागी असेपर्यंत, कॅमेरा बंद असतानाही, लॉरी अमेरिकन उच्चारच ठेवत असत. आठ वर्षे रोज परक्या वळणाने बोलायचे, त्याच वळणाने चिडायचे आणि त्याच वळणाने विनोदही करायचा, हे काम केवढे कष्टाचे आहे ते मालवणी बोलणाऱ्या माणसाने पुणेरी मराठीत एक दिवस काढून पाहावे म्हणजे कळेल.

विनोदी नटाला ही भूमिका कशी मिळाली, या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, ती विनोदी नटालाच पेलण्यासारखी होती. हाउस हा डॉक्टर रुग्णांना लागेल असे बोलतो, सहकाऱ्यांचा पाणउतारा करतो आणि स्वतःच्या दुखणाऱ्या मांडीसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेलेला आहे. असा माणूस आठवड्यामागून आठवडे कोण पाहील? त्याचे टोचून बोलणे अर्ध्या क्षणाने जरी उशिरा आले, तरी ते निव्वळ दुष्टपणाचे वाटेल. आणि नेमक्या क्षणी आले, तर प्रेक्षक हसतो आणि हसता हसता त्याला त्या माणसाचे दुखणे दिसते. हा नेमका क्षण लॉरींनी वीस वर्षे विनोद लिहून आणि करून कमावलेला होता.

ती वीस वर्षे थोडक्यात सांगतो. जन्म 11 जून 1959 चा, ऑक्सफर्डचा. शिक्षण ईटन या इंग्लंडमधील खानदानी निवासी शाळेत आणि पुढे केंब्रिजच्या सेल्विन कॉलेजात. विषय पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र. केंब्रिजमध्ये फूटलाइट्स नावाची विद्यार्थ्यांची नाट्यमंडळी फार जुनी आहे. लॉरी तिचे अध्यक्ष झाले. तेथे त्यांच्याबरोबर पुढे नटी म्हणून गाजलेल्या एमा थॉम्पसन होत्या आणि त्यांनीच लॉरींची स्टीफन फ्राय यांच्याशी गाठ घालून दिली. 1981 साली एडिंबरा महोत्सवात या मंडळींच्या प्रहसनांना विनोदासाठी दिला जाणारा पेरिए पुरस्कार मिळाला, आणि तो पुरस्कार दिला जाण्याचे ते पहिलेच वर्ष होते. पुढे फ्राय आणि लॉरी या जोडीने ब्रिटिश दूरचित्रवाणीवर स्वतः लिहिलेली प्रहसने केली, तसेच इंग्लिश विनोदी लेखक वुडहाउस यांच्या कथांवरील मालिकेत 1990 ते 1993 या काळात फ्राय यांनी चतुर नोकर जीव्ह्ज आणि लॉरींनी त्याचा भाबडा मालक बर्टी वूस्टर रंगवला.

तरीही आपल्याला एकच गोष्ट पाहायची असेल तर ‘ब्लॅकॲडर’ या विनोदी मालिकेच्या 1989 सालच्या पर्वाचा शेवटचा भाग पाहावा. पहिल्या महायुद्धातील खंदक आहे आणि लॉरी त्यात जॉर्ज नावाचा सदा उत्साही, बिनडोक वाटावा असा तरुण अधिकारी झाले आहेत. पाच भाग हा मुलगा हसवत राहतो. सहाव्या भागात, पहाटे खंदकातून बाहेर पडून गोळीबारात शिरण्याच्या थोडे आधी, तो आपल्याबरोबर सैन्यात भरती झालेल्या मित्रांची आठवण काढतो आणि त्यांच्यातले आता आपण एकटेच उरलो आहोत हे बोलता बोलता त्याच्याच ध्यानात येते. चेहऱ्यावरचे हसू पुसले जात नाही, ते तिथल्या तिथे थिजते. डॉक्टर हाउस पंधरा वर्षांनी आला, पण त्याचे बी मला त्या चेहऱ्यात दिसते.

प्रश्न (वेंगुर्ले) : आमच्या घरी तीन पिढ्यांची मासेमारी आहे. होडी वल्हवून ऑलिंपिक पदक मिळते हे वाचून नवल वाटले. लॉरींचे वडील कसली होडी वल्हवत? लॉरी स्वतःही वल्हवत असत काय?

उत्तर : दोघेही वल्हवत असत, आणि हा प्रश्न समुद्रावरच्या घरातून आला याचा मला विशेष आनंद वाटला. वडील रॅन लॉरी यांनी 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जॅक विल्सन यांच्यासह सुवर्णपदक मिळवले. ही शर्यत थेम्स नदीवर हेन्ली येथे झाली. या प्रकारात होडीत दोनच माणसे असतात, प्रत्येकाकडे एकच वल्हे असते, एकाचे डाव्या अंगाला आणि दुसऱ्याचे उजव्या अंगाला, आणि हाकारे देऊन दिशा सांभाळणारा तांडेल होडीत नसतो. आपल्या उलांडीच्या होडीत खाडी ओलांडताना दोन वल्ह्यांची लय चुकली तर होडी तिरकी होते, एवढेच. ही शर्यतीची होडी इतकी अरुंद आणि हलकी असते की लय चुकल्यास ती डगमगते आणि शर्यत तिथेच हातची जाते. आणखी एक फरक असा की, बैठक पुढेमागे सरकणारी असल्यामुळे मुख्य जोर पायांचा लागतो, हात त्यानंतर येतात. रॅन लॉरी आणि विल्सन हे दोघेही सुदानमध्ये ब्रिटिश प्रशासनात नोकरीला होते आणि पदकानंतरच्या आयुष्यात रॅन लॉरी डॉक्टर झाले. आपले वडील खरे डॉक्टर होते आणि आपण नुसते डॉक्टरचे सोंग आणतो, ही रुखरुख ह्यू लॉरींनी मुलाखतींत बोलून दाखवली आहे.

ह्यू लॉरी केंब्रिजला गेले ते मुख्यतः होडीसाठी. दरम्यान ग्रंथींना सूज आणणाऱ्या दीर्घ तापाने त्यांना वल्हे खाली ठेवावे लागले, आणि त्याच रिकाम्या काळात ते नाट्यमंडळीकडे वळले. पुढे बरे होऊन 1980 साली त्यांनी ऑक्सफर्डविरुद्धच्या प्रसिद्ध शर्यतीत केंब्रिजच्या आठ जणांच्या होडीत चौथ्या बैठकीवर वल्हे मारले. सुमारे पावणेसात किलोमीटरच्या त्या शर्यतीत केंब्रिजची होडी हरली, आणि हरली ती होडीच्या नाळेवरच्या कापडी झाकणाएवढ्या अंतराने. एवढे अंतर वल्हवून इतक्या थोडक्यात हरणे म्हणजे काय, हे तुमच्या घरच्यांना मी समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रश्न (दापोली) : ते पियानो खरोखर वाजवतात, की चित्रपटात दाखवतात तसे चेहरा एकाचा आणि बोटे दुसऱ्याची?

उत्तर : खरोखर वाजवतात. वुडहाउसच्या मालिकेत बर्टी पियानोवर बसून 1930 च्या सुमाराची गाणी म्हणतो तेव्हा सूर आणि बोटे दोन्ही लॉरींचीच आहेत. फ्राय यांच्याबरोबरच्या प्रहसनांत तर ते स्वतः रचलेली विनोदी गाणी पियानोवर म्हणत. त्यातली कलाकुसर लक्षात घेण्याजोगी आहे : गाणे अगदी गंभीरपणे, एखाद्या विरहगीताच्या चालीवर सुरू होते, वाजवणारा डोळे मिटून घेतो, आणि शब्द मात्र हळूहळू मूर्खपणाकडे घसरत जातात. चाल खोटी वाटली असती तर विनोद झालाच नसता. वाजवणारा चांगला नसेल तर हा विनोद जमत नाही, हे ज्यांनी गावच्या नाटकात बेसूर पेटीवर विडंबनगीत ऐकले आहे त्यांना चटकन पटेल.

सहाव्या वर्षी त्यांना पियानोच्या शिकवणीला घातले होते आणि ती शिकवणी त्यांना मुळीच आवडत नसे. पियानोची ओढ लागली ती ब्लूज कानावर पडल्यावर, आणि ते वाजवायला शिकले ते बहुतांशी स्वतःच्या कानाने. गिटार, ड्रम, माउथ ऑर्गन आणि सॅक्सोफोन हीदेखील वाद्ये ते वाजवतात. ‘हाउस’मध्ये त्या डॉक्टरच्या घरी पियानो आणि गिटार दिसतात, त्यांचा वापर लेखकांनी लॉरींचा हात ओळखूनच केला.

प्रश्न (गुहागर) : त्यांची कादंबरी कशी आहे?

उत्तर : ‘द गन सेलर’ ही त्यांची कादंबरी 1996 साली निघाली. सैन्यातून बाहेर पडलेल्या थॉमस लँग याला एका उद्योगपतीचा खून करण्याची सुपारी देऊ केली जाते, तो ती नाकारून त्या माणसाला सावध करायला जातो आणि शस्त्रविक्रेत्यांच्या जाळ्यात ओढला जातो, असे कथानक आहे. कथानकापेक्षा निवेदकाची जीभ मला अधिक आवडली. विशेष म्हणजे लॉरींनी हस्तलिखित पाठवताना टोपणनाव वापरले होते, आणि ते स्वीकारले गेल्यावरच खरे नाव छापायला तयार झाले. नाव प्रसिद्ध असलेल्या माणसाने असे करणे मला फार मोलाचे वाटते. इंग्रजी वाचनाची सवय बेताची असेल तर पहिली तीस पाने नेटाने काढावी लागतील.

प्रश्न (अलिबाग) : त्यांना कोणकोणते पुरस्कार मिळाले?

उत्तर : ‘हाउस’साठी 2006 आणि 2007 साली गोल्डन ग्लोब, आणि ‘द नाइट मॅनेजर’ या मालिकेतील शस्त्रव्यापाऱ्याच्या भूमिकेसाठी 2017 साली पुन्हा एक. ब्रिटनच्या मानाच्या किताबांपैकी ओबीई 2007 साली आणि त्याहून वरचा सीबीई 2018 साली. ‘द नाइट मॅनेजर’ची मूळ कादंबरी 1993 साली आली तेव्हाच लॉरींनी तिचे हक्क मिळवण्याची खटपट केली होती. त्या वेळी त्यांच्या मनात होता तो तरुण नायक. हक्क मिळाले नाहीत, आणि वीसहून अधिक वर्षांनी त्याच कथेतला खलनायक त्यांच्या वाट्याला आला.

प्रश्न (कुडाळ) : मी बारावीत आहे. भजनाला पेटीची साथ करते, कॉलेजच्या एकांकिकेत काम करते आणि यंदा एकांकिका लिहिलीही. घरी आई म्हणते, “एक ना धड, भाराभर चिंध्या.” तुमचे टिपण वाचून तिला दाखवले, तर ती म्हणाली, “ते इंग्लंडात चालते.” तुम्ही काय म्हणाल?

उत्तर : आधी आईच्या बाजूने बोलतो, कारण तिच्या बोलण्यात तथ्य आहे. लॉरी डॉक्टरच्या घरात जन्मले, ईटन आणि केंब्रिजला शिकले. नाटक फसले असते तरी त्यांना उपाशी राहण्याची वेळ आली नसती. कुडाळच्या मुलीच्या पाठीशी तसा आधार असतोच असे नाही, आणि ही काळजी आईने करायची नाही तर कोणी करायची? लॉरींना पदवी तिसऱ्या वर्गात मिळाली, पण त्यांनी ती पुरी केली, हेही ध्यानात ठेव.

परंतु “ते इंग्लंडात चालते” हे मात्र मला मान्य नाही. तू ज्या डबलबारीच्या मांडवात साथीला बसतेस तिथला बुवा काय करतो ते आठव. तो पेटी वाजवतो, गातो, समोरच्या बुवाने टाकलेल्या सवालाला उभ्या उभ्या शब्द जुळवून गजरातून उत्तर देतो, आणि मध्यरात्र उलटल्यावर पेंगू लागलेल्या मंडळींना एका वाक्यात हसवून जागे करतो. त्याला कोणी भाराभर चिंध्या म्हणत नाही. आपल्या दशावतारी नटाकडे लिहिलेली संहिताच नसते; संध्याकाळी आख्यान ठरते आणि रात्री राजा, राक्षस, ऋषी आपापले संवाद तिथल्या तिथे बोलतात, पदे गातात, पेटीवाला त्यांचा सूर उचलतो. पु. ल. देशपांडे यांनी 1953 साली ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटाचे लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका अशी सगळीच कामे केली, आणि एरवी ते उत्तम पेटी वाजवत. लिहिणे, बोलणे आणि वाजवणे एकाच माणसात नांदणे ही आपल्याकडे परक्याची गोष्ट कधीच नव्हती.

आता लॉरींच्या कारकिर्दीतली वर्षे नीट मांडून बघ. पियानो सहाव्या वर्षापासून. पहिली ध्वनिमुद्रिका मे 2011 मध्ये, म्हणजे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. मधली पंचेचाळीस वर्षे त्यांनी त्या पियानोवर स्वतःचे नाव लावून जगापुढे येण्याची घाई केली नाही. विनोदाचे लेखन विसाव्या वर्षापासून; कादंबरी सदतिसाव्या वर्षी. तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी सारख्याच जोराने पुढे रेटल्या नाहीत. एक पुढे असताना दुसरी घरात, रोजच्या सवयीत जिवंत राहिली, आणि तिने पहिलीला मदत केली. पियानोमुळे प्रहसनातली गाणी झाली, प्रहसनांमुळे वाक्याचा तोल कळला, तो तोल कादंबरीत उतरला आणि हाउसच्या तोंडीही. माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी एकच गुण आहे, तो म्हणजे लयीची जाण : वल्हे पाण्यात कधी घालायचे, वाक्य कधी सोडायचे, सुरावर किती थांबायचे. ही जाण तू पखवाजाबरोबर पेटी वाजवताना रोज घोटत आहेस. समेवर येण्याआधीची ती बारीकशी ओढ तुझ्या बोटांना कळत असेल, तर एकांकिकेतल्या वाक्याआधीची ओढही तुला लवकर कळेल.

म्हणून तुला दोनच सूचना करतो. तू लिहिलेली एकांकिका मोठ्याने वाच, शक्य असल्यास आईसमोर वाच, आणि जिथे तिला पुढचे वाक्य आधीच कळते तिथे खूण कर. आणि परीक्षेच्या महिन्यात एकांकिका बंद राहिली तरी पेटी बंद ठेवू नकोस. अर्धा तास पुरे. माझे पेटीचे गुरुजी भाता सोडून नुसत्या पट्ट्यांवर बोटे फिरवायला लावत, म्हणजे शेजारच्या खोलीत निजलेल्या म्हाताऱ्या आईची झोप मोडत नसे. तसे केलेस तरी चालेल.

प्रश्न (देवगड) : ब्लूज म्हणजे नेमके काय, आणि आमच्या भजनाला सरावलेल्या कानांना ते रुचेल काय? लॉरींचे गाणे ऐकायचे तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय मजुरांचे गाणे. गुलामगिरी कायद्याने संपली तरी त्यांचे हाल संपले नव्हते. त्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते आकाराला आले. त्याचा सर्वपरिचित साचा बारा मापांचा आहे. त्यात एक ओळ म्हणतात, तीच पुन्हा म्हणतात आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर देतात. प्रत्येक ओळीनंतर गळा थांबतो आणि वाद्य बोलते. बुवांनी ओळ टाकायची आणि मागच्यांनी झील ओढायची, याची सवय असलेल्या कानाला ही देवघेव लगेच ओळखीची वाटेल. स्वर मात्र काही ठिकाणी किंचित उतरलेले लागतील. ते चुकलेले नव्हेत, तीच त्या गाण्याची करुणा आहे.

लॉरींची पहिली ध्वनिमुद्रिका ‘लेट देम टॉक’ ही न्यू ऑर्लीन्स शहराच्या जुन्या गाण्यांची आहे. प्रोफेसर लाँगहेअर या नावाने ओळखले जाणारे तिथले पियानोवादक हे लॉरींचे दैवत. या ध्वनिमुद्रिकेत न्यू ऑर्लीन्सचेच ॲलन टूसां, डॉक्टर जॉन आणि अर्मा थॉमस यांनी भाग घेतला आहे. परक्याचे दुःख सुखवस्तू गोऱ्या इंग्रजाने गावे काय, हा आक्षेप कोणी घेण्याआधी लॉरींनी स्वतःच तो मुद्रिकेसोबतच्या मजकुरात मांडला आणि आपण या संगीताच्या मुलखात जन्मलेलो नाही हे स्पष्ट लिहिले. तो आक्षेप मला पूर्णपणे मिटलेला वाटत नाही. त्यांचा आवाजही अर्मा थॉमस यांच्या शेजारी तोकडा पडतो. पियानो मात्र तोकडा पडत नाही. 2013 साली त्यांची दुसरी ध्वनिमुद्रिका आली, पण आपण पहिलीपासूनच सुरुवात करावी आणि क्रमही बदलू नये. पहिले गाणे ‘सेंट जेम्स इन्फर्मरी’ आहे : प्रेयसीचे शव पाहायला इस्पितळात गेलेल्या माणसाचे. त्यात शब्द यायच्या आधी बराच वेळ एकटा पियानो वाजतो. मोबाइलच्या लहान स्पीकरवर त्याचे खालचे सूर हरवतात, तेव्हा कानाला हेडफोन लावून, रात्री निजानीज झाल्यावर ऐकावे.